ब्रेडमधला 'ए' कुठून आला?



मागच्या महिन्यात चिखलीला भावाच्या घरी दोन दिवस मुक्काम होता. घर दोन खोल्यांचे. भाऊ गवंडीकामावर जातो, वहिनी घरीच शिवणकाम करते. मुलगी नववीत, मराठी शाळेत. घरात चांगला मोबाईल एकच, तोही भावाचा. आठ वाजता तो कामावर निघाला की मोबाईलही त्याच्या खिशातून निघून जातो.

सकाळी सहाच्या सुमारास जाग आली. वहिनी चहा ठेवत होती आणि पोर कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली होती.

"सकाळीच काय करून राहिली व?" वहिनीने आवाज दिला.

"गेम नाही खेळत आई, कोडं सोडवून राहिली. आत्या, तूच सांग आईला."

मी जवळ जाऊन पाहिले. पाच चौकोनांच्या सहा ओळी. त्यात इंग्रजी अक्षरे भरायची. रोज एक शब्द ओळखायचा. हेच ते 'वर्डल' नावाचे कोडे. आपल्यापैकी काहींच्या मुलांनी ते पाहिले असेल, काहींनी नावही ऐकले नसेल. त्या सकाळी आमच्या घरात या कोड्यापायी जे घडले, ते आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

खेळ कसा आहे?

पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो. आपण कोणताही पाच अक्षरी शब्द लिहायचा. तो खरा शब्द असला पाहिजे, उगाच अक्षरे जोडून चालत नाही. मग प्रत्येक अक्षराला रंग येतो. हिरवा आला तर अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळा आला तर अक्षर शब्दात आहे, पण जागा चुकली. राखाडी आला तर ते अक्षर शब्दात नाही. सहा संधी असतात. रोज रात्री बारा वाजल्यानंतर नवा शब्द येतो आणि दिवसाला एकच.

हे कोडे जॉश वार्डल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या संगणक तज्ज्ञाने तयार केले. त्यांच्या जोडीदार पलक शाह यांना शब्दांच्या खेळांची आवड, म्हणून करोनाच्या काळात घरातल्या घरात खेळायला केलेले हे कोडे. आपल्या आडनावाशी खेळ करून त्यांनी नाव ठेवले वर्डल. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी खेळणारे होते फक्त ९०. दोन महिन्यांनी ते तीन लाखांवर गेले आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने हे कोडे विकत घेतले.

दिवसाला एकच कोडे, ही गोष्ट मला फार आवडली. ज्या घरात मोबाईल एकच आहे आणि तो आठ वाजता घराबाहेर जातो, त्या घराला दहा मिनिटांत संपणारा खेळच परवडतो.

वहिनीने लावलेला तर्क

पोरीने पहिला शब्द टाकला स्लेट. एस, एल, ए, टी, ई. एस, एल आणि टी राखाडी झाले. 'ए' आणि 'ई' पिवळे.

"म्हणजे काय झालं?" वहिनीने चहाचा कप ठेवता ठेवता विचारले. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून इंग्रजी आपल्या राज्यात २००० साली सुरू झाले. म्हणजे वहिनीच्या वाट्याला इंग्रजीची तीन वर्षे आली. एबीसीडी येते, त्यापुढचे विसरले.

मी म्हटले, "हे पाच खोल्यांचं घर समज. हिरवं म्हणजे माणूस आपल्या खोलीत बसला आहे. पिवळं म्हणजे माणूस घरात आहे, पण खोली दुसरी. राखाडी म्हणजे तो या घरचा नाहीच."

वहिनी खाली बसली. "मंग सोपं हाय की."

पोरीने दुसरा शब्द टाकला ओशन, म्हणजे महासागर. ओ, सी, ई, ए, एन. या वेळी तिसऱ्या खोलीत 'ई' आणि चौथ्या खोलीत 'ए' हिरवे झाले. बाकी तीन राखाडी. दोन खोल्या भरल्या, तीन राहिल्या.

आता खरी अडचण आली. मधे 'ई-ए' असलेले शब्द पुष्कळ. ब्रेक, ड्रीम, फ्रीक, ब्रेड. एक एक करून टाकत बसले तर संधी संपून जातील. पोर घाईने ब्रेक लिहायला लागली. वहिनी म्हणाली, "थांब. पहिली खोली आन शेवटची खोली, दोन्हींची खबर एकाच वेळी लागेल असा शब्द पाहा." पोरीने जरा विचार केला आणि ड्रीम लिहिले. डी, आर, ई, ए, एम.

'आर' हिरवा. 'एम' राखाडी. आणि 'डी' पिवळा.

पोर म्हणाली, "आता काय?"

वहिनी बोट ठेवून सांगू लागली. "डी घरात हाय, पण पहिल्या खोलीत नाही. दुसरी, तिसरी, चौथी खोली भरली. मंग राहिली कोणती?"

"पाचवी!"

आता शब्द झाला एक रिकामी जागा, मग आर, ई, ए, डी. पहिल्या खोलीत कोण? टी तर आधीच राखाडी झाला होता. डी पहिला नाही, हेही कळले होते. पोरीने बी टाकला. पाचही चौकोन हिरवे झाले. ब्रेड!

पोर टाळ्या वाजवणार, पण एकदम गप्प झाली. म्हणाली, "आत्या, ब्रेडमध्ये 'ए' कुठून आला? मी तर बी-आर-ई-डी लिहिते. शाळेत चुकलं होतं माझं."

चूक पोरीची नाही

त्या प्रश्नामागे बरेच काही होते. नंतर वहिनीने सांगितले, "दहावीनंतर सायन्स नको म्हणते. तिथं सगळं इंग्रजीत असतं, मला इंग्रजी जमत नाही म्हणते." इंग्रजीच्या वहीत लाल शाईच्या खुणा वाढल्या की लेकरू मनात एक निकाल लावून टाकते. आपल्या किती घरांत असा निकाल लागला असेल, याचा विचार करा.

म्हणून ब्रेडमधल्या 'ए'चे उत्तर नीट द्यायला हवे. आपण देवनागरीत जसे ऐकतो तसे बहुतेक लिहितो. अगदी पूर्ण नाही. चहामधला च आणि चमच्यातला च आपण वेगळा बोलतो, लिहितो मात्र सारखा. पण ब्रेड म्हटले की ब्रे आणि ड, बस. इंग्रजीचे तसे नाही. इंग्लंडमध्ये छापखाना १४७६ साली आला. त्यानंतर शब्दांची लेखी रूपे हळूहळू पक्की होत गेली. बोलणे मात्र थांबले नाही. उच्चार बदलत राहिले आणि स्पेलिंग जुन्या उच्चाराचेच राहिले. ब्रेडमधला स्वर एके काळी लांब होता, त्याची ही खूण मागे उरली.

त्यामुळे 'ई-ए' ही एकच जोडी तीन ठिकाणी तीन प्रकारे बोलली जाते. ड्रीममध्ये ई, ब्रेकमध्ये ए आणि ब्रेडमध्ये आखूड ए. हे तर्काने कळत नाही. शब्द पाहून पाहूनच ध्यानात राहते. म्हणजे जी चूक पोरीच्या डोक्याची समजली जात होती, ती खरे तर न पाहिलेल्या शब्दाची होती. या दोन गोष्टींत फार फरक आहे. डोके बदलता येत नाही, असे लेकराला वाटते. शब्द तर उद्या पुन्हा पाहता येतो.

दुसरी गोष्ट मी तिला दाखवली. पाच अक्षरांचे कितीतरी इंग्रजी शब्द आपल्या घरात आधीच राहतात. टेबल, ग्लास, प्लेट, ड्रेस, शर्ट, ब्रश, लाईट, पेपर, फोन, ब्लेड, स्टोव्ह. बाहेर निघालो तर ट्रक, मोटर, हॉटेल, नर्स, कोर्ट. सायकलसुद्धा पाचच अक्षरांची. आणि चिखलीच्या एसटी डेपोतला डेपो? त्याच्या शेवटी एक 'टी' आहे, जो कोणी बोलत नाही. हे सगळे शब्द वहिनीही रोज बोलते. बोलणे येते, अर्थ येतो, फक्त लिहिलेले रूप ओळखीचे नाही. पोरीने त्याच वेळी वहीत यादी करायला घेतली आणि वहिनी शिलाई मशीनवरून एक एक शब्द सांगू लागली.

चुकलेला शब्द वाया जात नाही

या खेळात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पोरीचे पहिले तिन्ही शब्द चुकले होते. पण ते चुकले नसते तर चौथा सापडला नसता. टी राखाडी झाला होता, म्हणून शेवटी टी लिहिण्याचा मोह झाला नाही. नसलेली गोष्ट कळणे हीसुद्धा माहितीच. चांगला खेळणारा 'आता काय असेल' याच्या आधी 'काय नाही' ते पाहतो. वहिनीने हेच केले. तिला इंग्रजी येत नव्हते, विचार करणे येत होते. कापड कापताना कोणता तुकडा कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे ती रोज करतेच.

तेव्हा ज्या आयाबाया 'आम्हाला काय कळते त्यातले' म्हणून मुलांच्या अभ्यासापासून दूर बसतात, त्यांनी जवळ बसावे. अक्षरे मूल वाचेल. तर्क तुम्ही करा.

खेळताना काही युक्त्या उपयोगी पडतात. पहिल्या शब्दात स्वर असावेत आणि नेहमी येणारी अक्षरे असावीत. या कोड्याच्या शब्दांत ई, ए, आर, ओ, टी ही अक्षरे जास्त येतात. क्यू, एक्स, झेड, जे ही फार कमी. एकच अक्षर दोनदाही येऊ शकते, हे विसरू नये. ड्रेस आणि ग्लासमध्ये एस दोनदा आहे, पेपरमध्ये पी दोनदा. आणि शब्द नाहीच सापडला तर रडायचे नाही. सहाव्या संधीनंतर उत्तर दाखवतात, ते वहीत लिहून ठेवायचे. त्या दिवशी उलट जास्त मिळाले असे समजा.

एक सावधगिरी मात्र मुलांना सांगा. कोड्यासाठी पाच अक्षरी सुमारे १२ हजार शब्दांतून पलक शाह यांनी ओळखीचे वाटणारे सुमारे अडीच हजार निवडले होते. पण न्यूयॉर्कमध्ये ओळखीचा शब्द चिखलीत ओळखीचा असेलच असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये एका दिवसाचे उत्तर होते फेव्हर. ते अमेरिकन पद्धतीने, 'यू' न घालता, पाच अक्षरांत लिहिलेले. इंग्लंडमधले लोकही त्यावर नाराज झाले, कारण ते सहा अक्षरांत लिहितात. आपल्या शाळेतही 'यू' असलेलेच शिकवतात. तेव्हा एखादा शब्द आला नाही म्हणजे आपण कमी, असे नव्हे. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातले स्पेलिंगच लिहायचे.

मोबाईल नसेल तर?

मोबाईल नसला तरी अडत नाही. वही आणि पेन्सिल पुरे. मराठीतही खेळता येते, फक्त आधी एक ठरवावे लागते. अक्षर कशाला म्हणायचे? चिखली हा शब्द घ्या. आपल्यासाठी तो तीन अक्षरांचा. चि, ख, ली. संगणक मात्र च, त्याची वेलांटी, ख, ल आणि त्याची वेलांटी असे पाच वेगळे घटक साठवतो. इंग्रजीत लिहिले तर हाच शब्द सात अक्षरांचा होतो. म्हणून इंग्रजीचा खेळ जसाच्या तसा मराठीत उचलता येत नाही.

आम्ही त्या रात्री असा नियम केला. मात्रेसकट एक अक्षर धरायचे, जोडाक्षरही एकच. जागेवर बरोबर असेल तर बरोबरची खूण. दुसऱ्या जागी असेल तर गोल. शब्दात नसेल तर फुली. आणि जागा बरोबर, व्यंजन बरोबर, पण काना-मात्रा वेगळी असेल तर अर्धी खूण. ही अर्धी खूण मराठीला हवीच.

भावाने गावाचे नाव मनात धरले, चार अक्षरांचे. पोरीने विचारले, "खामगाव?" भावाने शेवटच्या दोन अक्षरांना बरोबरची खूण केली. पोर म्हणाली, "जळगाव!" आपल्याच जिल्ह्यातले, जामोदवाले. बरोबर निघाले. मग मेहकर झाले, बुलडाणा झाले. मलकापूर पाच अक्षरांचे म्हणून बाद झाले. लाईट गेली तरी खेळ चालूच होता.

पैसे मागितले की खेळ थांबवा

आता शेवटचे, पण महत्त्वाचे. वर्डलचे रोजचे कोडे फुकट खेळता येते. त्यात जिंकले तर पैसे मिळत नाहीत आणि हरले तर जात नाहीत. त्याच्यासारखे दिसणारे एखादे ॲप 'शब्द ओळखा, पैसे कमवा' म्हणत फी मागत असेल, खात्याचा नंबर किंवा ओटीपी मागत असेल, तर ते तिथेच बंद करा.

हे नवीन नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत वर्तमानपत्रांतून बक्षिसांची शब्दकोडी चालत. प्रवेश फी भरून उत्तर पाठवायचे. बेंगळुरूहून निघणारे एक पत्र अशी कोडी छापत असे आणि ते त्या वेळच्या मुंबई राज्यातही खपत असे. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. केंद्राने १९५५ साली कायदा करून महिन्याच्या एकूण बक्षिसांवर हजार रुपयांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ साली न्यायालयाने स्पष्ट केले की जुगार हा व्यापार नव्हे, आणि ज्या स्पर्धेत खरोखर कौशल्य लागते तिची गोष्ट वेगळी. आता ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आहे. कायदा आहे म्हणून गाफील राहू नका. रोजंदारीचा पैसा कुठे जातो, यावर घरातल्या माणसाचीच नजर लागते.

घरासाठी चार गोष्टी

रोज एकच कोडे, दहा मिनिटे. उत्तर दुसरीकडे शोधायचे नाही. सापडलेला शब्द वहीत लिहायचा, त्याच्यासमोर देवनागरीत उच्चार, मराठीत अर्थ आणि एक लहान वाक्य. आणि रविवारी आठवड्याचे सातही शब्द आईने किंवा वडिलांनी मोठ्याने विचारायचे. मूल तोंडाने स्पेलिंग सांगेल, तुम्ही वहीत पाहून तपासा. तपासायला एबीसीडी पुरते.

कोड्याने इंग्रजी येईल, असे मी म्हणत नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तक वाचावे लागेल, मोठ्याने वाचावे लागेल, शिक्षकांना विचारावे लागेल. पण वाचायला बसण्याआधी 'मला जमत नाही' हा निकाल मागे घ्यावा लागतो. ते काम या कोड्याने होऊ शकते.

मी निघाले त्या दिवशी पोरीला सायन्सचे विचारले. म्हणाली, "अजून ठरवलं नाही, आत्या." आधी ती सरळ नको म्हणत होती. वहिनीने तिला दोनशे पानी नवी वही आणून दिली आहे. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे ब्रेड, आणि त्यातला 'ए' तिने लाल पेनाने लिहिला आहे. या वेळी लाल शाई तिची स्वतःची आहे.

या आठवड्याचे कोडे

तीन अक्षरांचा मराठी शब्द ओळखा. नियम वर दिलेलेच.

साखर: सा फुली, ख फुली, र बरोबर.
कपडा: क गोल, प फुली, डा फुली.
भोपळा: भो अर्धी खूण, प फुली, ळा फुली.

घरात सर्वांनी मिळून सोडवा. उत्तर पुढच्या अंकात देऊ. पण मला वाटते, तुमच्या घरी ते आज संध्याकाळीच ताटात येईल.